शेलमाउंडला मराठीत काय म्हणावं?

खाडीकाठची:
कॅलिफोर्नियात फ्रिमाँटजवळ कायोटी हिल्स उद्यान आहे. तिथे आम्ही काही जण स्वयंसेवक आहोत. यंदाच्या ‘वार्षिक डिनर’नंतर तिथल्या तुइबुन ओलोनी या स्थानिक जमातीच्या जुन्या वस्तीवर व्याख्यान आहे. वस्ती दोन हजार वर्षांहून जुनी. भारतातून आलेल्या आईवडिलांनाही यावंसं वाटावं म्हणून निमंत्रण मराठीतही काढतोय आणि ‘शेलमाउंड’पाशी, म्हणजे शिंपले आणि माती साचून झालेल्या वस्तीच्या टेकाडापाशी, अडलोय. एकाने ‘शिंपल्यांचा उकिरडा’ सुचवलं, कारण पुरातत्त्वाच्या इंग्रजी पुस्तकांत ‘मिडन’, म्हणजे कचऱ्याचा ढीग, म्हणतात. दुसरी भडकलीच. तिथे माणसं पुरलेली आहेत, म्हणाली.

गावठाण:
ती बरोबर बोलली. पुरातत्त्वज्ञ नेल्स नेल्सनच्या १९०९च्या अहवालात सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवती अशी सव्वाचारशे ठिकाणं नोंदलेली आहेत. लोक तिथे राहत, रांधत आणि आपली माणसं तिथेच पुरत. त्याच उपसागराकाठच्या एमरिव्हिल गावातलं सर्वांत मोठं टेकाड १९२४ साली कारखान्यासाठी सपाट केलं. आज तिथे मॉल आहे आणि रस्त्याचं नाव शेलमाउंड स्ट्रीट. उकिरडा म्हटलं की सपाट करायला मन धजावतं.
आपल्याकडे नेमका शब्द आहे: पांढर. गावाची काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. घोड नदीकाठच्या इनामगावला पांढरीच्या टेकाडातच ताम्रपाषाणयुगीन घरं निघाली आणि घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरलेली मुलं. घर आणि दफन एकाच जागी. ‘शिंपल्यांची पांढर’ लिहा.

शुद्धमती:
पांढर हे नाव राखेने पांढुरक्या झालेल्या मातीवरून पडलं. तिकडची माती काळपट असते. काळ्या मातीला पांढर कसं म्हणायचं? ‘शंखशिंपा-स्तूप’ करा. स्तूपात अस्थीही असतात.

गावठाण:
स्तूप कुणीतरी ठरवून बांधतं. हे टेकाड पिढ्यानपिढ्या राहण्यातून वाढलं. रंगाचं म्हणाल तर विदर्भात ‘पांढरी’ नावाची गावं आहेत, त्यांची माती कुणी तपासत बसतं का?

मालवणी मीठ:
शिंपले म्हणजे नुसती कवचं हो! खाल्लं काय होतं ते सांगा. कालवं, शिणाणे की तिसऱ्या? आमच्याकडे तिन्ही वेगळ्या. कालवं खडकावरून कोयत्याने फोडून काढतात, तिसऱ्या वाळूत हाताने चाचपडून. माझी आजी ‘शिंपले खाल्ले’ म्हणणाऱ्याला घाटी म्हणायची.

खाडीकाठची:
तिथे शिणाण्यांसारखे, कालवांसारखे आणि शंखातल्या गोगलगायीही सापडतात. पण निमंत्रणात एवढं कसं मावणार? शिवाय ओलोनींना काय म्हणू? ‘आदिवासी’ लिहिलं तर आईला वारली, कातकरी आठवतात.

नाशिककर:
आठवू द्या की. आदिवासी हा हक्काने घेतलेला शब्द आहे. संविधान सभेत आदिवासी नेते जयपालसिंग मुंडांनी त्याच्यासाठीच आवाज उठवला. ‘मूळनिवासी’ला इथे वेगळं राजकारण चिकटलंय आणि ‘वनवासी’ तर नकोच. ओलोनी स्वतःला ओलोनी म्हणतात, तेवढं लिहा, पुढे ‘या भूमीचे लोक’ जोडा. आणि ‘होते’ लिहू नका, ‘आहेत’ लिहा. बर्कलीतल्या शेलमाउंडची जागा २०२४ साली ओलोनी स्त्रियांच्या पुढाकाराने चालणाऱ्या न्यासाकडे परत गेली.

शुद्धमती:
‘आहेत’ला माझा पाठिंबा. पण ‘वार्षिक डिनर’ नको, ‘स्नेहभोजन’ लिहा.

मालवणी मीठ:
स्नेहभोजन सरकारी वाटतं. प्रत्येक जण डबा आणणार असेल तर सरळ ‘अंगतपंगत’. शाळेत आम्ही झाडाखाली करायचो.

नाशिककर:
‘सहभोजन’ का नको? जातीची भिंत मोडायला महाराष्ट्रात झालेल्या सहभोजनांतून तो शब्द रुजला. स्नेहभोजनाला तसं वजन नाही.

शुद्धमती:
प्रत्येक जेवणावर तेवढा भार घालू नये. अंगतपंगतही नको, त्यात ‘अंगत’ला अर्थच नाही, नुसता अनुप्रास आहे.

मालवणी मीठ:
अर्थ कसा नाही? अंगाला अंग लावून पंगतीत बसायचं. आमच्या गावात शिमग्यानंतर तशीच बसतात.

गावठाण:
पंगत ही ‘पंक्ती’वरून आली, त्याबद्दल वाद नाही. ‘अंगत’चं मात्र अंगणाशी नातं असावं असं मला वाटतं. जेवण अंगणात होई.

खाडीकाठची:
मंडळी, डबे नाहीत, जेवण बाहेरून मागवणार आहोत. पांढर की टेकाड?

मालवणी मीठ:
मागवलेलं असेल तर अंगतपंगत नाहीच मग. त्यात कालवं असतील का?