स्कॉटलंडमधील छोटे गोल्फ कोर्स : बारा दिवसांत कोणते खेळावेत?

मुलुंडकर६१ :

नमस्कार मंडळी,

मी गेल्या मार्चमध्ये नोकरीतून निवृत्त झालो. गोल्फ वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे बराच उशिरा शिकलो. माझा हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) २४ आहे आणि बहुतेक रविवारी पहाटे चेंबूरला किंवा खारघरला एक राउंड, एवढाच माझा खेळ आहे. येत्या जूनमध्ये पत्नीसह बारा दिवस स्कॉटलंडला जायचे ठरवले आहे. आमचे विमान एडिनबराला उतरेल. पत्नी गोल्फ खेळत नाही, परंतु तिला चालण्याची आवड आहे.

सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स एकदा तरी खेळावा असे मलाही वाटत होते. मात्र हंगामातील ३०० पौंडांहून अधिक ग्रीन फी (खेळण्याचे शुल्क) आणि खेळण्याची वेळ मिळण्यासाठी सोडतीवर अवलंबून राहावे लागणे, या दोन्हींचा विचार केल्यावर मन तिथून निघाले. त्याऐवजी गावोगावचे लहान कोर्स खेळावेत असे वाटते. माझ्या शंका अशा आहेत. परगावच्या, त्यातही माझ्यासारख्या मध्यम खेळाडूला तिथे खरोखर खेळू देतात का? नेहमीच्या अठराऐवजी नऊ किंवा बारा होलच्या कोर्ससाठी एवढ्या लांब जाणे योग्य ठरेल का? आणि कॅडीशिवाय (बॅग उचलणाऱ्या मदतनिसाशिवाय) मी आजवर एकही राउंड खेळलेलो नाही, तर तिथे माझे कसे निभावेल? मी काढलेल्या यादीत अकरा कोर्स आहेत, म्हणजे जवळजवळ रोज एक.

लिंक्सवाट :

नमस्कार. मी चार वेळा जाऊन आलो आहे. पहिल्या खेपेस माझी यादीही आपल्यासारखीच लांब होती आणि ती माझी सर्वांत कमी समाधान देणारी सहल ठरली. म्हणून आधी एकच विनंती करतो : अकरा कोर्सांची यादी चारवर आणा आणि प्रत्येक कोर्स किमान दोनदा खेळा. लिंक्सवर, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूवरील कोर्सवर, पहिल्या राउंडमध्ये आपण फक्त चुका गोळा करतो. चेंडू कुठे पडतो हे तिथे महत्त्वाचे नसते, पडल्यावर कुठे घरंगळत जातो हे महत्त्वाचे असते, आणि ते दुसऱ्या दिवशी त्याच जमिनीवर वेगळ्या वाऱ्यात खेळल्याशिवाय उमगत नाही.

खेळू देतात का, या प्रश्नाचे उत्तर निःसंशय ‘हो’ असे आहे. हे कोर्स म्हणजे गावाच्या हक्काची मोकळी जागा असते. दुपारी शाळेतली मुले खेळतात, संध्याकाळी कामावरून परतलेली माणसे खेळतात आणि मधल्या वेळेत पाहुण्यांची ग्रीन फी क्लबच्या खर्चाला हातभार लावते. आपला हँडिकॅप कोणी विचारणार नाही, पण आपण संथ खेळत असाल तर मागच्या जोडीला पुढे जाऊ देण्याची अपेक्षा मात्र नक्की असते.

सुरुवात एडिनबराजवळच्या मसलबराच्या जुन्या लिंक्सपासून करा. महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या आतल्या मोकळ्या जागेत नऊ होल मांडले आहेत अशी कल्पना करा, म्हणजे ते ठिकाण डोळ्यांसमोर उभे राहील, कारण तिथेही भोवती घोड्यांच्या शर्यतीची धावपट्टी आहे. या नऊ होलवर १८७४ ते १८८९ या काळात ओपन चॅम्पियनशिप ही गोल्फमधील मानाची स्पर्धा सहा वेळा खेळली गेली. आज जगभर होलचा व्यास सव्वाचार इंच असतो, त्याचे मूळही इथलेच. होल कापण्याचे जे जुने अवजार मसलबराला वापरत, त्याची रुंदी तेवढी होती आणि १८९० च्या दशकातील नियमांत तेच माप कायम झाले. चेंबूरच्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, आपण दर रविवारी ज्या भोकात चेंडू ढकलतो, त्याचे माप या छोट्या गावातून आले आहे हे मला तिथे उभे राहिल्यावर प्रथमच मनापासून जाणवले. शर्यतीच्या दिवशी कोर्स बंद असतो, तेवढे आधी पाहून घ्या.

नऊ आणि बारा होलबद्दलची शंका मनातून काढून टाका. १८६० साली प्रेस्टविकला पहिली ओपन झाली तेव्हा तो कोर्स बारा होलचाच होता आणि एका दिवसात त्याच्या तीन फेऱ्या खेळल्या गेल्या. सेंट अँड्र्यूजला १७६४ साली बावीस होलांचे अठरा झाले आणि पुढे तोच आकडा सर्वत्र रूढ झाला. अठरा ही एका गावची पद्धत होती. जिथे जागा नऊ होलची होती तिथे लोकांनी नऊच आखले आणि त्यांचा खेळ त्यामुळे उणा ठरला नाही.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो उत्तरेकडचा ब्रोरा. इनव्हर्नेसहून रेल्वेने सुमारे अडीच तासांत तिथे पोहोचता येते आणि स्टेशनपासून कोर्स चालत जाण्याइतका जवळ आहे. पाच वेळा ओपन जिंकलेल्या जेम्स ब्रेड यांनी १९२३ मध्ये त्याची आखणी केली. जाताना समुद्राला चिकटून आणि येताना आतल्या बाजूने, असा तो सरळ बाहेर जाऊन परत येतो. चार पार-थ्री (पार म्हणजे अपेक्षित फटके) होल चार वेगवेगळ्या दिशांना तोंड करून आहेत, त्यामुळे त्या दिवशीचा वारा प्रत्येकावर निराळा लागतो. त्या जमिनीवर शेतकऱ्यांना जनावरे चारण्याचा सामाईक हक्क आहे. मी खेळलो तेव्हा फेअरवेवर, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतच्या गवताच्या पट्ट्यावर, मेंढ्या आणि गाई निवांत चरत होत्या आणि ग्रीनभोवती विजेची हलकी तार लावलेली होती. वाटेत गुरांचे शेण आले तर गोल्फच्या नियमांनुसार ते सुट्या अडथळ्यात मोडते आणि दंडाशिवाय बाजूला करता येते. थांबलेला चेंडू गाईने हलवला, तर तो मूळ जागी ठेवून खेळायचा. गवत चरून खाली बसलेले असल्यामुळे फेअरवे बऱ्याच ठिकाणी गालिच्यासारखा लागतो, आणि यंत्राने कापलेल्या गवतात तो स्पर्श मला कधी मिळालेला नाही.

वेळ असेल तर हेब्रिडीज बेटसमूहातील साउथ युइस्ट बेटावरचा आस्कर्निशही पाहा, असे माझे मन सांगते. १८९१ मध्ये त्या काळचे प्रसिद्ध गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिस यांनी तो आखला, पुढे त्यातील बरेच होल वाळूच्या टेकड्यांमध्ये हरवले, २००५ मध्ये जाणकारांनी जमिनीचे चढउतार वाचून ते ओळखले आणि २००८ मध्ये तो पुन्हा खुला झाला. तिथे रासायनिक खते वापरत नाहीत आणि हिवाळ्यात गुरे चरतात.

शिवाजीपार्क_ताई :

लिंक्सवाट यांच्याशी मी जवळजवळ पूर्ण सहमत आहे, मात्र आस्कर्निशबाबत नाही. बारा दिवसांत आणि पहिल्याच खेपेस तिकडे जाऊ नये. फेरीबोटीच्या वेळा, हवामानामुळे रद्द होणाऱ्या फेऱ्या आणि येण्याजाण्याचे दोन दिवस धरले, तर एका कोर्ससाठी चार दिवस मोडतात आणि सोबतच्या व्यक्तीवर अन्याय होतो. बेटच हवे असेल तर अ‍ॅरनला जा. मुख्य भूमीवरून बोटीने ब्रॉडिकला साधारण तासाभरात पोहोचता येते. गाडी नेणार असाल तर बोटीवरची जागा आधीच राखून ठेवा, जूनमध्ये ऐनवेळी मिळत नाही.

अ‍ॅरनच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्लॅकवॉटरफूट गावात शिस्किनचा बारा होलचा कोर्स आहे. क्लब १८९६ चा. एके काळी इथे अठरा होल झाले होते, पण पहिल्या महायुद्धानंतर सहा होल सुटले ते कायमचेच, आणि गावाने उरलेल्या बारांवर समाधान मानले. पार ४२ आहे. तिसऱ्या होलला ‘क्रोज नेस्ट’, म्हणजे कावळ्याचे घरटे, असे नाव आहे. तो अंतराने लहान असला तरी चढावर आहे, वर ड्रुमाडूनचा कडा उभा आहे आणि पाठीमागे समुद्र. तिथे मी लागोपाठ तीन दिवस खेळले. पहिल्या दिवशी जिथे आठ नंबरचे आयर्न (लोखंडी डोक्याची काठी) पुरले, तिथे तिसऱ्या दिवशी त्याहून लांब मारणारे पाच नंबरचेही कमी पडले. बारा होल साधारण दोन तासांत होतात, त्यामुळे सकाळी राउंड उरकून उरलेला संपूर्ण दिवस दोघांना मिळतो. माझे यजमान खेळत नाहीत आणि त्यांना हीच गोष्ट सर्वाधिक आवडली.

आपल्या पत्नींना चालण्याची आवड आहे, म्हणून एक महत्त्वाची गोष्ट सांगते. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्यानुसार लोकांना गोल्फ कोर्स ओलांडून जाण्याचा हक्क आहे, ग्रीनवर पाऊल न ठेवता आणि खेळाला अडथळा न आणता. त्यामुळे किनाऱ्याची पायवाट अनेक ठिकाणी फेअरवेमधूनच जाते. खेळाडूने चालणाऱ्यासाठी थांबायचे असते आणि बहुतेक जण आनंदाने थांबतात. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स तर रविवारी खेळासाठी बंद असतो आणि त्या दिवशी गावकरी तिथे कुत्री घेऊन फिरायला येतात. खेळायला मिळाला नाही तरी रविवारी त्यावरून आपण दोघांनी जरूर चालून या.

फाइफच्या किनाऱ्यावर एलीच्या कोर्सलाही एक दिवस द्या. जेम्स ब्रेड यांचा जन्म त्याला लागून असलेल्या अर्ल्सफेरीचा. सोळा पार-फोर, दोन पार-थ्री आणि एकही पार-फाइव्ह नाही, अशी त्याची ठेवण आहे. पहिल्या टीसमोर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेसमोर, टेकडी असल्याने पुढची जोडी दिसत नाही, म्हणून स्टार्टरच्या खोलीत पाणबुडीवरचा पेरिस्कोप बसवला आहे आणि त्यातून पाहूनच तो आपल्याला खेळायला सांगतो.

खारघर_वारा :

वर कोर्सांची माहिती भरपूर आली आहे, म्हणून मी फक्त तयारीविषयी लिहितो.

मुंबईत आपण उंच फटका मारून चेंडू ग्रीनवर थांबवायला शिकतो, कारण आपली जमीन वर्षाचा बराच काळ मऊ असते. लिंक्सखाली वाळू असते, पाणी लगेच झिरपते आणि पृष्ठभाग टणक राहतो. उंच चेंडू वारा उचलून नेतो आणि ग्रीनवर पडलेला चेंडू मागे निघून जातो. म्हणून मे महिन्यात खारघरला दुपारनंतर वारा सुटतो तेव्हा सात किंवा आठ नंबरच्या आयर्नने चेंडू खाली ठेवून घरंगळत नेण्याचा सराव करा. ग्रीनच्या बाहेर वीस यार्डांवरूनही पटर (चेंडू जमिनीवरून घरंगळवण्याची काठी) वापरायला संकोचू नका, तिथले जुने खेळाडू तेच करतात.

कॅडीविषयी आपली काळजी मला समजते, कारण माझीही तीच होती. आपल्याकडे कॅडी अंतर सांगतो, चेंडू शोधतो, पटची रेषा दाखवतो आणि या सवयीमुळे आपली स्वतःची नजर तयार होत नाही. छोट्या कोर्सवर कॅडी जवळजवळ नसतातच. बॅग हलकी करा, नऊदहा क्लब (खेळायच्या काठ्या) पुरेत, आणि ट्रॉली भाड्याने मिळते का ते आधी विचारा. चेंडू शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटे मिळतात. पिवळ्या फुलांच्या काटेरी गॉर्सच्या झुडपात गेलेला चेंडू सोडून द्यावा हेच बरे. दोन महिने आधीपासून येथील एखाद्या कॅडीलाच विनंती करा की त्याने काही सांगू नये आणि राउंड संपल्यावर आपले कुठे चुकले ते समजावावे. मी तसे केले आणि त्याने मला जे शिकवले ते तिथे फार उपयोगी पडले.

पाऊस आपल्यासारखा उबदार आणि सरळ पडत नाही, थंड आणि आडवा येतो, त्यामुळे छत्रीचा भरवसा धरू नये. चांगला रेनकोट, लोकरी टोपी आणि ओल्या हवेतले हातमोजे दोन्ही हातांसाठी घ्या. पश्चिमेकडे वारा पडलेल्या संध्याकाळी मिज नावाच्या अत्यंत बारीक चावऱ्या माश्या येतात, त्यासाठी मलम ठेवा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणून दुपारचा पाऊस पाहून निराश होऊ नका आणि संध्याकाळी सहाला खेळायला निघा.

माझा एक अनुभवही सांगतो. एका गावात आम्ही शनिवारी सकाळी न विचारता पोहोचलो. त्या दिवशी क्लबच्या सभासदांची स्पर्धा होती आणि कोर्स दुपारपर्यंत बंद होता. चूक पूर्णपणे माझी होती. शनिवारची वेळ ठरवण्यापूर्वी क्लबच्या संकेतस्थळावरचे स्पर्धांचे वेळापत्रक जरूर पाहा.

मुलुंडकर६१ :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. यादी चारवर आणली आहे : मसलबरा, एली, शिस्किन आणि ब्रोरा. त्यांपैकी शिस्किन आणि ब्रोरा दोनदा. ब्रोराजवळ गोल्स्पीला डनरॉबिनचा किल्ला असल्याचे पत्नीने शोधून काढले आहे, त्यामुळे तिकडचे दिवस दोघांनाही पसंत आहेत. आता दोन बारीक शंका उरल्या आहेत. कार्यालयात कोणीच नसेल तर ग्रीन फी कुठे द्यायची? आणि रविवारी सगळीकडे खेळता येते का?

लिंक्सवाट :

अगदी लहान कोर्सवर दाराजवळ किंवा पहिल्या टीजवळ एक पेटी असते. लिफाफ्यात पैसे आणि आपले नाव घालून तो पेटीत टाकायचा. पावतीचा तुकडा दिला असेल तर तो बॅगेला अडकवून ठेवायचा. कोणी पाहायला नसते, म्हणूनच रक्कम मोजून आणि खेळायला सुरुवात करण्यापूर्वी टाकावी. सुट्या नोटा आणि नाणी जवळ ठेवा, कारण पेटीतून उरलेले पैसे परत मिळत नाहीत. स्कॉटलंडच्या बँकांच्या स्वतःच्या नोटा असतात. त्या तिथेच खर्च करून या, मुंबईत बदलून घेताना त्रास होतो.

रविवारी आपल्या यादीतील कोर्सांवर सहसा अडचण येत नाही, तरी खात्री करून घ्या. हॅरिस बेटावर स्कॅरिस्टा येथे नऊ होलचा अतिशय सुंदर कोर्स आहे आणि तिथे रविवार पाळण्याची, म्हणजे त्या दिवशी न खेळण्याची, जुनी रीत आहे. पुढच्या खेपेस तिकडे गेलात, तर तो दिवस समुद्रकिनाऱ्यावर चालण्यासाठी ठेवा.