मदत हवी आहे: चाकणला बदली झालीय, घर कुठे बघू?

वाळूजकर: नमस्कार मंडळी. कंपनीने वाळूजहून चाकणच्या प्लांटला पाठवलंय. १ तारखेला हजर व्हायचंय, हातात दोनच रविवार. टू बीएचके, भाडं १८ हजारांपर्यंत. मोशी, भोसरी, निगडी, तळेगाव ऐकून डोकं भणभणलंय. एजंटकडे जे रिकामं असेल तेच त्याच्या मते बेस्ट! पटकन एरिया सांगा.

नाना_निगडीकर: निगडीचं प्राधिकरण. डोळे मिटून. रुंद रस्ते, झाडं, शांतता. ३० वर्षं राहतोय. १८ हजारांत जुन्या इमारतीत मिळेल, लिफ्ट नसेल. आम्ही कुठे लिफ्ट बघितली होती?

स्पाइन_रोड: नाना, संध्याकाळी तळवड्याच्या चौकातून एकदा घरी येऊन दाखवा, मग बोलू. वाळूजकर, मोशी घ्या. नाशिक हायवे धरला की सरळ चाकण.

इंद्रायणीकाठ: मोशीत भाडं कमी का, तेही सांगा की. कचरा डेपो तिथेच आहे. माझ्या बहिणीने रविवारी भर दुपारी फ्लॅट पाहिला, तेव्हा कसलाच वास नव्हता. जुलैत राहायला गेली, तर संध्याकाळी सातला खिडक्या लावून, उदबत्ती पेटवून जेवायला बसायचे. सगळ्या मोशीत नाही, वारा कुठून येतो त्यावर आहे. म्हणून घर पाहायचं ते संध्याकाळी, आणि वॉचमनला विचारायचं. मालकाला नाही.

स्पाइन_रोड: आम्ही सहा वर्षं राहतोय, आम्हाला नाही येत वास.

इंद्रायणीकाठ: सवय झाली असेल.

थर्ड_शिफ्ट: आधी हे सांगा: प्लांट नक्की कुठे? खालुंब्रे, निघोजे, सावरदरी, सगळ्यालाच लोक चाकण म्हणतात. शिफ्ट कोणती? कंपनीची बस आहे का?

वाळूजकर: प्लांट महाळुंगे इंगळेला. बस आहे. शिफ्ट तिन्ही, फिरत्या. एवढं लागतं का?

थर्ड_शिफ्ट: एवढंच लागतं! बसचे थांबे ड्रायव्हरकडून काढा, ऑफिसातला कागद जुना असतो. रात्रपाळीची बस वेगळ्या रस्त्याने फिरते का, तेही विचारा. मी थांब्यापासून दीड किलोमीटरवर घर घेतलं होतं, 'चालत जाऊ' म्हणून. पहाटे पाच वाजता कुत्री मागे लागली की ते दीड किलोमीटर किती होतं, ते कळतं. आणि तुम्ही दिवसा झोपणार. हायवेकडे तोंड असलेली बेडरूम फुकट दिली तरी घेऊ नका.

स्वतःचं_घर: भाडं म्हणजे पैसा पाण्यात. त्यात थोडी भर घालून हप्ता बसतो. चऱ्होलीत बुकिंग चालू आहे.

थर्ड_शिफ्ट: ज्याला कंपनीने पंधरा दिवसांत उचलून इकडे टाकलंय, त्याला २० वर्षांचं कर्ज घ्यायला सांगताय?

कलम_५५: कुठेही घ्या, पण लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, नोंदवूनच घ्या. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार नोंदवायची जबाबदारी मालकाची. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, म्हणजे १८ हजार भाडं, ११ महिने आणि ५० हजार अनामत धरली तर पाचशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १०००. अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी येतो.

वाळूजकर: साहेब, आभारी आहे, पण आधी घर तर मिळू द्या. एक लिहायचं राहिलं. मिसेसना शिवाजीनगरला नोकरी लागलीय. तीही १ तारखेपासूनच.

इंद्रायणीकाठ: अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! आता मोशी बादच. तिथून त्यांची पायपीट होईल. नाशिक फाटा किंवा कासारवाडी बघा. मेट्रोने त्या थेट शिवाजीनगरला, तुम्ही फाट्यावरून भोसरीमार्गे चाकण. कासारवाडीला लोकलही थांबते. इमारती जुन्या आहेत आणि पार्किंगची बोंब आहे.

तळेगावचा_पाऊस: लोकलच धरायची तर तळेगाव. हवा बघा, मोकळं बघा. शिवाजीनगर थेट.

थर्ड_शिफ्ट: दुपारी लोकल किती असतात? आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरच्या मागे किती वेळ जातो, तेही लिहा.

नाना_निगडीकर: मेट्रो निगडीपर्यंत येणारच आहे.

स्पाइन_रोड: नाना, १ तारखेपर्यंत?

वाळूजकर: ड्रायव्हरशी बोललो. बस तिन्ही शिफ्टला नाशिक फाट्याला थांबते, पुलाखाली. रविवारी संध्याकाळी कासारवाडीत दोन फ्लॅट बघतोय, दोन्ही आतल्या गल्लीत. मिसेस विचारतायत, तिकडे पाणी कसं आहे?

इंद्रायणीकाठ: तेवढं सोडून बोला. २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला एक दिवसाआड पाणी. आम्ही अजून भांडतोय.

वाळूजकर: एक दिवसाआड?! ताई, आम्ही संभाजीनगरचे. जायकवाडी भरलं तरी आमच्याकडे नळाला पाणी येतं त्या दिवशी लोक रजा टाकतात. मिसेस म्हणतायत, हे पिंप उचलून न्यायचं की इथेच द्यायचं कुणाला?

स्वतःचं_घर: चऱ्होलीत २४ तास बोअरचं पाणी आहे. नंबर पाठवू का?