जर्मन शाळेसोबत वर्षभराचा उपक्रम: शांततेसाठी खरंच उपयोग होतो का, आणि सुरुवात कुठून करावी?

रावेर_आठवी_ब
रावेर तालुक्यातली अनुदानित शाळा, आठवीत 46 मुलं. जर्मनीतल्या एका शाळेने वर्षभर एकत्र काम करायची तयारी दाखवली आहे. संस्थेचे पदाधिकारी विचारतात, एक व्हिडिओ कॉल, दोन फोटो आणि पेपरात बातमी, याने शांततेला काय हातभार लागणार? त्यांच्यापुढे ठेवता येईल असं ठोस काही आहे का? शिवाय मुलांना कापसाची बोंडं आणि पेढे पाठवायचे आहेत, आणि तिकडची शाळा एक वापरलेला संगणक भेट देते म्हणते. यात कुठे अडेल?

तापीकाठ
सर, पदाधिकाऱ्यांची शंका रास्त आहे. नुसत्या ओळखीने काही होत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच चार अटी मांडल्या होत्या: दोन्ही गट बरोबरीचे हवेत, उद्दिष्ट एकच हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडली पाहिजे आणि वरिष्ठांचा उघड पाठिंबा हवा. पुढे 2006 मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप या संशोधकांनी 515 अभ्यास एकत्र तपासले. संपर्काने पूर्वग्रह कमी होतो असंच त्यातून दिसलं, आणि या अटी पाळल्या तिथे परिणाम जास्त होता.

मोठं उदाहरण फ्रान्स आणि जर्मनीचं. 1870, 1914, 1939, सत्तर वर्षांत तीन युद्धं. जानेवारी 1963 मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर यांनी मैत्रीचा करार केला आणि त्याच वर्षी दोन्ही देशांच्या पैशावर चालणारं युवा कार्यालय उभं राहिलं. आजवर 90 लाखांहून जास्त तरुणांनी त्याच्या कार्यक्रमांत भाग घेतला. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती इतिहासाच्या सामायिक पाठ्यपुस्तकाची. 2003 मध्ये दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांच्या युवा संसदेने ती मागणी केली आणि 2006 मध्ये पहिला भाग दोन्ही भाषांत आला, मजकूर एकच. मुलांनी मागितलं आणि सरकारांनी करून दिलं. पदाधिकाऱ्यांना हेच सांगा.

तेव्हा कॉलपेक्षा काम ठरवा. तुमच्याकडे कापूस आहे, तर 'एका शर्टाचा प्रवास' घ्या. तिकडची मुलं आपल्या कपड्यांची लेबलं वाचून कापसाची टक्केवारी आणि शिवणारा देश यांचा तक्ता करतील. तुमची मुलं जिनिंगमध्ये, म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, जाऊन मोजतील: एक क्विंटल कपाशीतून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. म्हणजे 170 किलोची एक गाठ बांधायला जवळपास पाच क्विंटल कपाशी लागते. वेचणीची मजुरी किलोमागे किती, हेही घरी विचारून लिहू द्या. दोन्ही तक्ते जोडल्याशिवाय शर्टाचा प्रवास पुरा होत नाही. एकमेकांची गरज पडते ती इथे.

दुसऱ्या सत्रात '1942 मध्ये तुमच्या गावात काय चाललं होतं?' हा एकच प्रश्न दोन्ही वर्गांना द्या. आपल्याकडे नंदुरबारचा शिरीषकुमार आणि त्याचे सोबती 9 सप्टेंबर 1942 ला गोळीबारात गेले. तिकडे त्या वर्षी कोणाचा बाप आघाडीवर होता, कोणते ज्यू शेजारी घरातून उचलून नेले गेले, ते मुलांनी आजी-आजोबांना आणि गावाच्या दप्तरात विचारावं. हा विषय तिकडे जड आहे. आधी दोन्ही शिक्षकांनी एकमेकांचा मजकूर वाचावा, मगच वर्गापुढे ठेवावा.

पोस्टाची_पिशवी
वेळेचं आधी बघा. जर्मनीत मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात. त्यांचा सकाळी 9 चा तास उन्हाळी वेळेत आपल्या 12.30 ला येतो आणि हिवाळ्यात 1.30 ला. हे लक्षात न घेतल्याने दिवाळीनंतरच्या पहिल्याच कॉलला मुलं तासभर रिकाम्या पडद्यापुढे बसतात. सुट्ट्याही तिथे राज्यागणिक वेगळ्या, म्हणून शाळा कोणत्या राज्यात आहे ते पहिल्याच पत्रात विचारून घ्या. दोघांना बहुतेक वेळा मिळणारा काळ म्हणजे दिवाळीनंतर डिसेंबरच्या मध्यापर्यंत, आणि पुढे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चपर्यंत. एप्रिलमध्ये आपल्या शाळा सकाळच्या होतात, त्यावर काही ठेवू नका.

बोंडं पाठवू नका. आत सरकी असते, सरकी म्हणजे बियाणं, आणि युरोपीय संघात बियाणं न्यायला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पार्सल तिथेच अडवून नष्ट करतात. त्याऐवजी टकळीवर काढलेलं सूत आणि खादीचा तुकडा पाठवा, आणि बोंडाचा फोटो: फुटलेलं, चार पाकळ्यांतून कापूस बाहेर आलेलं, बाजूला मापाला पट्टी ठेवून. पेढेही नकोत, दुधाचे पदार्थ खासगी पार्सलमधून तिथे चालत नाहीत. सीमाशुल्काच्या फॉर्मवर नुसतं 'भेटवस्तू' लिहू नका. प्रत्येक वस्तूचं नाव, नग, वजन आणि किंमत लिहा.

हिशेबनीस_धुळे
संगणकाला नम्रपणे नाही म्हणा. परकीय योगदान कायदा, 2010 मध्ये पैशाबरोबर वस्तूही येतात. शाळेसाठी आलेला संगणक कोणाची वैयक्तिक भेट ठरत नाही. गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना तो घेतला तर संस्था अडचणीत येते. रोख रकमेलाही तेच लागू. नोंदणी झाली तरी पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो. आणि दुसरं असं की एकाने द्यायचं आणि दुसऱ्याने घ्यायचं, यात वर म्हटलेली बरोबरी पहिल्याच दिवशी जाते.

शाळा समितीचा लेखी ठराव करा आणि त्याची प्रत शिक्षणाधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्या. फोटो आणि आवाजासाठी प्रत्येक पालकाची सही मराठीतल्या फॉर्मवर घ्या. आडनाव आणि गावाचा पत्ता कुठेच टाकू नका.

रावेर_आठवी_ब
फार कामाचं मिळालं. एकच अडचण राहते. मुलांचं इंग्रजी कच्चं आहे, समोरासमोर गप्पच बसतील.

तापीकाठ
त्या मुलांचीही ती मातृभाषा नाही, हे वर्गाला आधी सांगा. थेट कॉल सत्रातून दोनच ठेवा. बाकी सगळं दीड-दोन मिनिटांच्या ध्वनिफितींवर चालवा: चार जणांचा गट, आधी घरच्या बोलीत म्हणजे अहिराणीत किंवा लेवा बोलीत बोलायचं, मग पाच-सहा वाक्यं इंग्रजीत. तिकडची मुलंही तसंच करतील, आधी जर्मन, मग इंग्रजी. उत्तराला दहा दिवसांची मुदत ठेवा. चुका दुरुस्त करून मग पाठवायचा मोह आवरा. शिक्षकाने घासूनपुसून दिलेली वाक्यं तिकडच्या मुलांना लगेच ओळखू येतात आणि पुढच्या फितीत प्रश्न विचारणं थांबतं.