महाबळेश्वरच्या थंडीत कुटकी तग धरेल का?

प्रश्न
महाबळेश्वरजवळ आमची थोडी खडकाळ, उताराची जमीन आहे. आरोग्यवर्धिनी या आयुर्वेदिक औषधात कुटकीचे, म्हणजे केदारकडू या कडू औषधी वनस्पतीचे, वजन बाकीच्या सर्व घटकांच्या एकत्रित वजनाइतके असते, त्यामुळे तिची मागणी टिकून राहील असे वाटते. येथील थंड हवेत तिची लागवड करता येईल का?

प्रतिसाद १
करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कुटकी हिमालयात साधारण ३,००० मीटरच्या वर, जेथे झाडे विरळ होत संपतात तेथे, खडकांच्या भेगांत आणि बुग्यालांच्या, म्हणजे उंचावरच्या कुरणांच्या, दगडाळ कडांवर वाढते. महाबळेश्वर १,३७२ मीटरवर आहे आणि आपले सर्वोच्च शिखर कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटरच आहे. परंतु खरी अडचण उंचीच्या आकड्यापेक्षा हिवाळ्याची आहे. त्या दिवसांत तिची पाने वाळतात आणि जमिनीत आडवे पसरलेले खोड बर्फाखाली सुप्त राहते. वरची हवा शून्याच्या कितीही खाली गेली, तरी जाड बर्फाच्या थराखालची माती शून्याच्या आसपास टिकते, शिवाय कोरडा वाराही लागत नाही. बर्फ वितळल्यावर मिळणाऱ्या मोजक्या महिन्यांत पालवी, निळसर जांभळी फुले आणि बी, सारे उरकून घ्यावे लागते. इतकी काटक वनस्पती आपल्याकडे सुप्तावस्थेला मुकेल आणि एप्रिल-मेच्या उन्हातून वाचलीच, तर सह्याद्रीच्या मुसळधार पावसात तिचे खोड कुजेल.

प्रतिसाद २
वरील मताशी मी सहमत आहे. उत्तराखंडात चमोली जिल्ह्यातील घेससारख्या गावांत शेतकरी कुटकी लावतात, मात्र ती गावे तिच्या मूळ प्रदेशाला लागून आहेत. तेथेही खोडाचे तुकडे लावल्यापासून काढणीपर्यंत सुमारे तीन वर्षे थांबावे लागते. औषधासाठी खोड-मुळेच लागत असल्याने रानातील काढणीत बहुधा अख्खे रोप जाते. म्हणूनच १९९७ पासून ती साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातील वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वैद्यांनी आणि काष्ठौषधींच्या दुकानदारांनी लागवडीचाच माल आग्रहाने मागावा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग कडू औषधींपैकी आमच्याकडे काय घेता येईल?

प्रतिसाद १
वाईकडे उतरताना पाऊस कमी होतो. तेथे निचऱ्याची जमीन मिळाल्यास कालमेघ लावून पाहावा. तो आपल्या हवामानात येतो आणि एकाच हंगामात काढता येतो. आधी खरेदीदार निश्चित करावा, आणि कालमेघ कुटकीच्या नावाने कधीही विकला जाऊ नये.