मदत हवी आहे: १५८८ च्या कालपट्टीत कोणतं कॅलेंडर धरू?

शाळेच्या प्रदर्शनासाठी १५८८ या एकाच वर्षाची जगभरची कालपट्टी करतोय. पॅरिसचा मे महिन्यातला उठाव, स्पॅनिश आरमाराची इंग्लंडवरची मोहीम, जपानात सत्ताधीश हिदेयोशीने शेतकऱ्यांची शस्त्रं काढून घेण्याचा काढलेला हुकूम, आणि आपल्या अहमदनगरात मुर्तझा निजामशहाचा मुलानेच केलेला खून.

गाडं अडलंय तारखांवर. या आरमाराशी झालेली ग्राव्हलिनची लढाई इंग्रजांच्या हिशेबात २९ जुलै, स्पॅनिशांच्या हिशेबात ८ ऑगस्ट. लढाई एकच! स्पेन-फ्रान्सने १५८२ मध्येच ग्रेगोरियन (आजचं) कॅलेंडर घेतलं, इंग्लंडने थेट १७५२ मध्ये; तोवर तिथे जुनं ज्युलियनच होतं. म्हणून इंग्रजी तारखांत दहा दिवस मिळवले, तेवढं जुळलं. इंग्लंडचं सरकारी वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं, हेही लक्षात घेतलंय.

जपानी हुकूम सातव्या चांद्रमासाच्या ८ तारखेचा, तर अहमदनगरचं प्रकरण हिजरी ९९६ मधलं. हिजरी तारखेचं रूपांतर करताना एक तक्ता ज्युलियन तारीख देतो, दुसरा ग्रेगोरियन. माझ्याकडच्या नोंदीत वार नाही, त्यामुळे वारावरून पडताळता येत नाही.

कार्ड तळहाताएवढं आणि वाचणारी मुलं आठवी-नववीची, त्यामुळे दोन-दोन तारखा छापणं जमणार नाही. 'सगळं ग्रेगोरियनमध्ये' अशी एक तळटीप मात्र चालेल.

तर निजामशाहीवरच्या मराठी-इंग्रजी पुस्तकांत हिजरीवरून दिलेली तारीख ज्युलियन आहे की ग्रेगोरियन, हे वार नसताना ओळखायचं कसं? आणि जपानी चांद्र तारखांसाठी भरवशाचा तक्ता कोणता?