आवारातली झाडं: आधी नाव, मग वय
(कुटुंबाचा ग्रुप: वेंगुर्ल्याचं घर)

मी: तीन दिवस घरी राहून आवारातल्या झाडांची यादी केली. लहानमोठी मिळून 41 भरली. मिस्त्री येऊन मांडव-पडवीचं काम सुरू करायच्या आधी कुठलं झाड कोणी, कधी लावलं ते लिहून ठेवूया. फोटो टाकतेय. विहिरीकडच्या झाडाला मोबाईलमधल्या ॲपने उंडी म्हटलंय. 1934 च्या मोडी खरेदीखतात 'माड 14, फणस 3, रायवळ आंबे 2, उंडी 2' असं आहे. एक उंडी पाणंदीला उभी आहे, म्हणजे ही दुसरी. नव्वदी कधीच ओलांडलेली!

दादा: वा! मग त्यावर पाटी लावूया.

ताई: वय कळायला आत किती वळी आहेत ते मोजता येत नाही का? बारीक भोक पाडून बघतात म्हणे.

बाळकाका: नको गो. भोकातून पाणी आणि कीड आत शिरते. आणि सागाच्या वळ्या वर्षाला एक अशा नीट पडतात, आंबा-फणसाच्या तशा भरवशाच्या नसतात. माडाला तर वळ्याच नाहीत. पण माडाचं वय बाहेरून मोजता येतं. झावळ पडली की खोडावर वण राहतो आणि धरत्या माडाला वर्षाला साधारण बारा झावळ्या येतात. तौक्ते वादळात, 2021 च्या मे महिन्यात, मागचा माड आडवा झाला तेव्हा मी खडूने खुणा करत वण मोजले होते. 556 भरले. भागिले बारा, सेहेचाळीस वर्षं. शेंड्यात तीसेक झावळ्या होत्या, त्यांची अडीच. खोड जमिनीवर दिसायच्या आधीची पाच. एकूण साडेत्रेपन्न.

माईआत्या: कोयनेचा भूकंप झालो त्याच्या दुसऱ्या पावसात लायलेलो तो.

मी: भूकंप डिसेंबर 1967 चा. म्हणजे 1968 किंवा 69. काका, एकदोन वर्षांच्या फरकाने जुळलं की हो!

बाळकाका: एकदोन वर्षांचा फरक धरायचाच. खत-पाणी कमी पडलं तर झावळ्याही कमी येतात.

दादा: मग हापूसचं काय? घेर मोजायचा?

बाळकाका: हापूसचा जोड बघ आधी, म्हणजे कलम जिथे बांधलं ती जागा. पुढच्या चार कलमांचा जोड जमिनीपासून वीतभर वर आहे, तिथे साल बदललेली अजून हाताला लागते. ती भेटकलमं, म्हणजे कुंडीतलं रोप झाडाच्या फांदीला बांधून केलेली, वडिलांच्या वेळची. कुंपणाकडच्यांचा जोड जमिनीलगत, ती कोयकलमं, म्हणजे नुकत्या उगवलेल्या कोयीच्या रोपावर बांधलेली. ही पद्धत दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आपल्याकडे रुजवली आणि विद्यापीठच 1972 चं. कातळाकडच्या काजूंना तर पुरावाच आहे, रोजगार हमीतून फळबाग योजना 1990 नंतर आली तेव्हाचे ते.
घेर जरूर मोज, पण साडेचार फुटांवर. उताराला वरच्या अंगाने उभी राहून टेप धर. आणि आजच्या वाढीने भागून वय काढू नकोस. म्हातारं झाड सावकाश वाढतं, त्यामुळे वय फुगून येतं. पडवीकडच्या फणसाचा घेर तर धरूच नकोस, दोन रोपं एकत्र वाढून जुळलीत ती.

माईआत्या: गो बाय, विहिरीकडचा झाड उंडी न्हय. ती सुरंग.

मी: आत्या, नक्की? पान तसंच जाड, चकचकीत आहे.

माईआत्या: पान उजेडाक धर.

मी: धरलं. आता दोन्ही फोटो शेजारी शेजारी बघा. पाणंदीच्या उंडीच्या पानात मधल्या शिरेपासून कडेपर्यंत केसासारख्या बारीक रेषा, एकीला लागून एक, सगळ्या समांतर. विहिरीकडच्या पानात जाळी आहे, कोळ्याने विणल्यासारखी. ॲप चुकलं आणि मीही. दोन्ही एकाच कुळातली, म्हणून घोटाळा होतो.

माईआत्या: सुरंगीची फुलां जुन्या फांद्यांकच चिकटान येतत. आये तिच्याच फुलांचे वळेसार (गजरे) करी. मी पहिलीत होतंय तेव्हा ती माझ्या कमरेइतकी होती. आयेनच लायलेली.

मी: आत्या 1946 ची, म्हणजे पहिलीत 1952 साली. तेव्हा कमरेइतकी, म्हणजे साधारण 1950 ची लागवड. आता यादीत तिच्यापुढे लिहिलेली खरेदीखताची नोंद काढते. नव्वदीवरून पंचाहत्तरीला आली, पण आजीच्या हातची निघाली! मला हे वय जास्त मोलाचं वाटतं.

ताई: मग खतातली दुसरी उंडी कुठे गेली?

माईआत्या: ती होडीवाल्याक दिली. त्या पैशांनी न्हाणीघर बांधला.

बाळकाका: बरोबर, मीही ऐकलंय ते वडिलांकडून. उरलेल्या उंडीच्या फळांचं कडू तेल दिव्याला वापरायचे.

दादा: एक विचारायचं होतं. मागच्या रायवळाच्या सावलीने नवीन खोल्या अंधाऱ्या होतील असं मिस्त्री म्हणतोय. तो काढला तर?

बाळकाका: खरेदीखतातल्या दोन रायवळांपैकी तोच एक उरलाय, दादा. 1934 साली खतात नोंद होण्याइतका मोठा होता तो. शिवाय आंबा 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, परवानगीशिवाय हात लावता येत नाही. खिडकी पूर्वेला घे.

दादा: ठीक, मिस्त्रीशी बोलतो. नकाशा बदलून घेऊ.

मी: यादीत 'कोणाकडून कळलं' असा रकाना टाकलाय. सतरा झाडांपुढे तो अजून रिकामा आहे. त्यांतले दोन रातांबे (कोकमाची झाडं) कधीच फळ धरत नाहीत, ते नर असावेत.

माईआत्या: नरच ते. चतुर्थीक सगळे येतलेच. टेप आण, मी खुर्चेर बसान सांगतंय.