गॉसियन आणि ऑर्का: दोन विद्यापीठांचे आकडे जुळत नाहीत

प्रश्न (ऑर्बिटल_पुणे): पीएचडीचं काम दोन ठिकाणी चालू आहे. रेणूंची ऊर्जा क्वांटम रसायनाने काढणारे दोन प्रोग्रॅम आहेत: पुण्यात गॉसियन १६, जर्मनीतल्या सहमार्गदर्शकांकडे ऑर्का ५. दोन्हीकडे फंक्शनल (इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचं अंदाजी सूत्र) बी३एलवायपी-डी३(बीजे), बेसिस (ऑर्बिटल रचायच्या फंक्शन्सचा संच) ६-३१जी(डी), अणूंच्या जागांची एक्सवायझेड फाइलही तीच. तरी एकूण ऊर्जा हार्ट्रीच्या (ऊर्जेचं अणुस्तरावरचं एकक) पहिल्या दशांशातच वेगळी येते, आणि गिब्ज बॅरिअर (अभिक्रियेला ओलांडावा लागणारा मुक्तऊर्जेचा अडथळा) साधारण २ किलोकॅलरी/मोलने. प्रबंधात दोन्हीकडचे आकडे घ्यायचे आहेत. तपासायला सुरुवात कुठून करू?

स्पिनडेन्सिटी: मोठा रेणू बाजूला ठेवा, आधी पाणी घ्या. एकूण ऊर्जेतला फरक बहुतेक फंक्शनलचा आहे. नाव एकच, पण लोकल कोरिलेशनसाठी (फंक्शनलमधला इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळतात त्याचा भाग) गॉसियन वोस्को-विल्क-नुसेरचं तिसरं सूत्र घेतं आणि ऑर्का पाचवं. ऑर्कात 'बी३एलवायपी/जी' लिहिलं की गॉसियनची व्याख्या मिळते.

दुसरं कारण बेसिस. ६-३१जी(डी) ला गॉसियन आपोआप सहा डी-फंक्शन्स धरतं, ऑर्का नेहमी पाच. आउटपुटमध्ये बेसिस फंक्शन्स मोजा: पाण्याला गॉसियनमध्ये १९ दिसतील, ऑर्कात १८. गॉसियनच्या रूट लाइनमध्ये (इनपुटमधली सूचनांची ओळ) '५डी' घाला. शिवाय ऑर्का ५ हायब्रिड फंक्शनलला आरआयजेकॉसएक्स (हिशेब वेगवान करणारी अंदाजी पद्धत) स्वतःहून लावतं, चाचणीपुरतं ते बंद करा. एवढं केल्यावर पाण्याची ऊर्जा चौथ्या दशांशापर्यंत जुळायला हवी. उरलेला फरक ग्रिडचा, म्हणजे इंटिग्रेशनसाठी घेतलेल्या बिंदूंचा.

ऑर्बिटल_पुणे: पाणी जुळलं, आभार! बॅरिअरमधला फरक मात्र तसाच आहे, १.९ च्या आसपास.

मुक्तऊर्जा: १.९ म्हटल्यावर पहिला संशय स्टँडर्ड स्टेटवर, म्हणजे मुक्तऊर्जा कोणत्या दाबाला किंवा कॉन्सन्ट्रेशनला धरली त्यावर. दोन्ही प्रोग्रॅम १ अ‍ॅटमॉस्फिअर धरतात. द्रावणासाठी १ मोलारवर नेताना २९८.१५ केल्व्हिनला प्रत्येक रेणूमागे १.८९ किलोकॅलरी/मोल वाढतात. दोन रेणूंची एक टीएस (ट्रान्झिशन स्टेट, अडथळ्याच्या माथ्यावरची अवस्था) होत असेल तर बॅरिअर तेवढाच उतरतो. एका गटाच्या स्क्रिप्टमध्ये ही दुरुस्ती आहे आणि दुसऱ्याच्या नाही, असं फार वेळा होतं. दोन्ही स्क्रिप्ट शेजारीशेजारी उघडून वाचा.

एन्ट्रॉपीही पाहा. ऑर्का कंपनांच्या कमी फ्रिक्वेन्सींना क्वासी-आरआरएचओ (मंद कंपनांच्या एन्ट्रॉपीची दुरुस्ती) लावतं, गॉसियन साधा हार्मोनिक हिशेब करतं. लवचीक टीएसमध्ये १०० सेमी⁻¹ खालचे चार-पाच मोड असले तरी आकडा हलतो. दोन्हीकडची आउटपुटं गुडव्हाइब्जमधून (आउटपुटवरून मुक्तऊर्जा पुन्हा काढणारा प्रोग्रॅम) एकाच कट-ऑफने आणि एकाच कॉन्सन्ट्रेशनने काढा.

आणि कळकळीने सांगतो, रिअ‍ॅक्टंट एका प्रोग्रॅमचा आणि टीएस दुसऱ्याची अशी वजाबाकी कधीही करू नका, पाणी जुळलेलं असलं तरी. भूमिती आणि फ्रिक्वेन्सी गॉसियनमध्ये ठेवा, अंतिम सिंगल पॉइंट (ठरलेल्या भूमितीवरची ऊर्जा) सगळे ऑर्कात, डेफ२-टीझेडव्हीपी या मोठ्या बेसिसवर.

क्लस्टरवाला: फायलींबद्दल थोडं. गॉसियनची चेकपॉइंट फाइल 'सीएचके' बायनरी असते, दुसऱ्या मशीनवर उघडेलच असं नाही. गॉसियनच्या फॉर्मचेक प्रोग्रॅमने तिची मजकूर-रूपातली 'एफसीएचके' करून पाठवा. ऑर्काची ऑर्बिटलची फाइल 'जीबीडब्ल्यू' ऑर्काची आवृत्ती बदलली की अडते, म्हणून दोन्हीकडे आवृत्ती दशांशासकट एकच ठेवा. एक्सवायझेडच्या दुसऱ्या ओळीत चार्ज आणि स्पिनची मल्टिप्लिसिटी लिहाच, तिथे चुकीचा अंदाज बांधला की पुढचं सगळं गणित वाया. इनपुट गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं साधन), आउटपुट आरसिंकने (फायली कॉपी करणारं साधन), सोबत चेकसमची (फाइल तशीच पोचली का हे तपासायचा आकडा) यादी.

गॉसियनचं लायसन्स संस्थेचं असतं, बाहेरच्या विद्यार्थ्याला लॉगिन देण्याआधी त्यातल्या अटी वाचा. ऑर्का शैक्षणिक वापराला मोफत आहे, पण ज्याने त्याने स्वतः नोंदणी करून उतरवायचं, एकमेकांना फाइल द्यायची नाही.